गर्भाच्या मेंदूचे चित्र आणि आठवड्यांचा हिशेब

उच्च न्यायालयात तिसाव्या किंवा बत्तिसाव्या आठवड्यातील गर्भपाताची एखादी याचिका आली की चार दिवस तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू विचारते की इतके दिवस आईवडील काय करत होते, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे कसे दिसले नाही, आणि जन्माला येऊन जगू शकेल अशा जिवाबद्दल आता असा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला आहे. दुसरी बाजू म्हणते की देह स्त्रीचा आहे, निर्णयही तिचाच आहे आणि न्यायालयाने आठवडे मोजत बसू नये. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणारे चित्र स्पष्ट असते, अंतिम असते आणि ते प्रत्येकीला वेळेवर मिळते, असे दोघांनीही न तपासता गृहीत धरलेले असते. यांपैकी अनेक याचिकांच्या मुळाशी गर्भाच्या मेंदूतील दोष असतो, आणि मेंदूच्या बाबतीत तर हे गृहीतक साफ चुकीचे आहे.

माझी भूमिका अशी आहे. गर्भाचा मेंदू घडायला आणि दिसायला लागणारा वेळ कायद्यातील आठवड्यांच्या हिशेबाला जुमानत नाही, म्हणून उशिरा झालेल्या निदानाचा दोष स्त्रीच्या किंवा प्रत्येक वेळी डॉक्टरच्या माथी मारणे अन्याय्य आहे. समाजाने आणि सरकारने जिच्यासाठी झगडावे अशी गोष्ट वेगळीच आहे. संशय आला की तज्ज्ञाकडून दुसरी तपासणी थोड्या दिवसांत आणि परवडेल अशा रीतीने झाली पाहिजे. त्या तपासणीतून जे कळले आणि जे कळले नाही ते दोन्ही स्त्रीला स्वच्छ शब्दांत सांगितले गेले पाहिजे. त्यानंतरचा निर्णय तिचा. हा क्रम उलटा करून आपण आधी निर्णय कोणी घ्यावा यावर भांडतो, आणि निर्णय ज्याच्या आधारावर घ्यायचा ती माहिती कशी मिळते याकडे कोणी पाहत नाही.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी, जिला आता शहराप्रमाणे खेड्यातही ॲनॉमली स्कॅन म्हणतात, ती साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होते. हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडे, हातपाय, पाठीचा कणा हे सारे तोवर आकाराला आलेले असते. मेंदूचे तसे नाही. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, आणि ती वरच्या टोकाला मिटली नाही तर अनेनसेफली होते, म्हणजे कवटीचा वरचा भाग आणि मेंदूचा मोठा भाग तयारच होत नाही. हा दोष तिसऱ्या महिन्यातही दिसू शकतो. परंतु मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कलोसम हा पूल अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास आकार पूर्ण करतो. लहान मेंदूचा मधला भाग त्याच सुमारास खाली उतरून चौथ्या पोकळीला झाकतो, त्यामुळे सोळाव्या आठवड्यात पाहिले तर निरोगी गर्भातही तेथे फट दिसते आणि डँडी-वॉकर या गंभीर दोषाचा खोटा संशय येतो. मेंदूच्या पृष्ठभागावरील वळ्या तर विसाव्या आठवड्यात जवळजवळ नसतातच. त्या वेळी प्रत्येक गर्भाचा मेंदू गुळगुळीत असतो. मग ज्या आजारात मेंदू गुळगुळीतच राहतो, त्या लिसेनसेफलीचे निदान विसाव्या आठवड्यात कसे करणार? वळ्या यायला हव्या होत्या त्या वेळी आल्या नाहीत, एवढीच त्या आजाराची खूण असते, आणि ती बहुतेक वेळा सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या आठवड्यापूर्वी हाती लागत नाही. मायक्रोसेफलीत, म्हणजे डोके मापापेक्षा लहान राहण्याच्या दोषातही, डोक्याची वाढ मंदावत जाते आणि अनेकदा तिसऱ्या तिमाहीतच ती ध्यानात येते. एकोणिसाव्या आठवड्याचा अहवाल बिनदोष होता, म्हणून पुढे सापडलेला दोष कोणाच्या तरी हलगर्जीपणामुळे लपून राहिला, असा निष्कर्ष काढणारा माणूस मेंदूच्या वाढीचे साधे वेळापत्रकच नाकारत असतो.

महाराष्ट्राने या वेळापत्रकाचा एक धडा अलीकडेच अनुभवला आहे. जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे झिका या डासांतून पसरणाऱ्या विषाणूचा राज्यातील पहिला रुग्ण सापडला आणि 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात जे रुग्ण आढळले त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. ब्राझीलमधील 2015-16 च्या साथीने जगाला दाखवून दिले होते की हा विषाणू गर्भाच्या मेंदूची हानी हळूहळू करतो. आधीच्या तपासणीत डोके योग्य मापाचे असलेल्या गर्भातही पुढे दोष दिसू शकतो, आणि काही बाळांचे डोके तर जन्मतःही मापात असते. म्हणून अशा स्त्रियांना पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करावी लागते. तिथे कोणी त्यांना विचारले का, की हे आधी का पाहिले नाही? साथ असली की आपल्याला काळाचे भान येते. एकट्या स्त्रीवर संकट आले की ते भान सुटते.

आता पाहण्याच्या साधनाविषयी. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरींना हाड अडवते. प्रोबच्या जवळचा अर्धगोल कवटीच्या परावर्तनामुळे धूसर होतो, म्हणून नेहमीच्या तपासणीत प्रामुख्याने पलीकडचा अर्धगोल नीट दिसतो. गर्भ डोके खाली करून बसला असेल तर योनिमार्गातून, टाळूच्या फटीतून पाहता येते. हेच न्यूरोसोनोग्राफीचे, म्हणजे मेंदूच्या खास सोनोग्राफीचे, मर्म आहे, आणि त्यासाठी यंत्रापेक्षा हात आणि डोळा तयार असावा लागतो. एमआरआयला हाडाचा अडसर नाही. गर्भ हलतो ही मोठी अडचण होती, परंतु 1990 च्या दशकात एका क्षणात एक छेद टिपणाऱ्या जलद पद्धती आल्या आणि ती बरीचशी दूर झाली. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात आणि गर्भाच्या तपासणीत शिरेतून रंगद्रव्य दिले जात नाही. ब्रिटनमधील मेरिडियन हा अभ्यास 2017 मध्ये द लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीत मेंदूच्या दोषाचा संशय आलेल्या 570 गर्भांची त्यात एमआरआयने पुन्हा तपासणी झाली होती. सोनोग्राफीचे निदान 68 टक्के, तर एमआरआयचे 93 टक्के बरोबर ठरले, आणि पुढे काय करायचे हा सल्ला तीनांपैकी एकीहून अधिक स्त्रियांच्या बाबतीत बदलला. ही आकडेवारी तेथील गर्भवैद्यक केंद्रांतली आहे, म्हणजे पहिली सोनोग्राफीही तयारीच्या माणसांनी केलेली होती. तिथे तीनांत एक सल्ला बदलत असेल, तर तालुक्याच्या गावी एका दिवसात डझनावारी स्त्रियांना तपासणाऱ्या केंद्रातील पहिल्या संशयावर कोणीही कायमचा निर्णय कसा घ्यावा?

हा प्रश्न उशिराच्या गर्भपाताला विरोध करणाऱ्यांनी विशेष मनावर घ्यायला हवा, कारण अपुऱ्या तपासणीने जसे दोष निसटतात तसे नसलेले दोषही दिसतात. ‘बाळाच्या डोक्यात पाणी आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात किती घरांत ऐकले गेले असेल! वैद्यकीय भाषेत ती व्हेंट्रिक्युलोमेगाली. मेंदूतील बाजूच्या पोकळीची रुंदी 10 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती प्राकृत, 10 ते 12 मिलिमीटर असेल तर सौम्य, 15 च्या वर गेली तर तीव्र. सौम्य वाढ असेल आणि काळजीपूर्वक शोधूनही दुसरा कोणताही दोष सापडला नाही, तर 90 टक्क्यांहून अधिक मुलांची वाढ इतर मुलांसारखीच होते. कॉर्पस कलोसम नसणे हे ऐकायला भयंकर वाटते. पण तेवढा एकच दोष असेल तर साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश मुलांचा बौद्धिक विकास चारचौघांसारखा होतो, उरलेल्यांना कमी-अधिक अडचणी येतात, आणि आपले मूल कोणत्या गटात जाईल हे जन्मापूर्वी नेमके कोणी सांगू शकत नाही. यापेक्षाही बोलके उदाहरण कोरॉइड प्लेक्सस सिस्टचे आहे. मेंदूतील हे छोटे फुगे सोनोग्राफीची यंत्रे सुधारली तसे दिसू लागले आणि 1980-90 च्या दशकांत त्यांचा संबंध एका गंभीर गुणसूत्रदोषाशी जोडून अनेक स्त्रियांना गर्भजल तपासणीकडे पाठवले गेले. पुढे उमगले की बाकी सारे ठीक असताना दिसलेली ही सिस्ट निरुपद्रवी असते आणि बहुधा अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत नाहीशीही होते. यंत्राला अधिक दिसू लागले म्हणून माणसाला अधिक समजू लागले असे होत नाही. दिसणे आणि समजणे यांमध्ये काही वर्षे जातात, आणि त्या वर्षांत घेतलेल्या निर्णयांची किंमत ठरावीक घरे मोजतात.

मग आठवड्यांची ती रेषा मुळात आली कुठून? महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली 1964 मध्ये समिती नेमली गेली आणि तिने 1966 मध्ये अहवाल दिला. असुरक्षित गर्भपातांत मरणाऱ्या स्त्रिया ही त्या समितीपुढची चिंता होती. त्यातून 1971 चा वैद्यकीय गर्भसमापन कायदा आला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. वीस आठवड्यांच्या मर्यादेमागे मुख्यतः स्त्रीच्या जिवाच्या सुरक्षिततेचा विचार होता. त्या काळच्या पद्धतींनी उशिराचा गर्भपात फार धोक्याचा होता. मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मण्याची शक्यता हे गर्भपाताचे एक कारण म्हणून त्या कायद्यात लिहिलेले होते खरे, पण ते व्यंग पाहण्याची सोय देशात कुठे होती? इयान डोनाल्ड आणि सहकाऱ्यांचा सोनोग्राफीवरील पहिला गाजलेला निबंध 1958 चा. आणि सोनोग्राफीने सतराव्या आठवड्यात अनेनसेफली ओळखून त्यानुसार निर्णय घेतल्याची स्टुअर्ट कॅम्पबेल व सहकाऱ्यांची नोंद 1972 ची, म्हणजे आपला कायदा लागू झाला त्याच वर्षाची. ज्या मर्यादेचा गर्भाच्या चित्रणाशी जन्मतःच काही संबंध नव्हता, ती पुढे अर्धशतक चित्रणातून आलेल्या निदानांवर लागू होत राहिली. तिला निसर्गाने आखलेली सीमा समजणे हा इतिहासाचा विसर आहे.

न्यायालयांनी ही विसंगती तुकड्यातुकड्याने हाताळली. 2008 मध्ये मुंबईच्या एका दाम्पत्याला, गर्भाच्या हृदयात दोष असूनही, चोविसाव्या आठवड्यानंतर उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. जानेवारी 2017 मध्ये अनेनसेफली असलेल्या गर्भाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने चोविसाव्या आठवड्यात परवानगी दिली. 2021 च्या दुरुस्तीने अखेर असे ठरवले की गर्भात लक्षणीय विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने निदान केले तर आठवड्यांची वरची मर्यादा (आता चोवीस) लागू राहणार नाही, आणि नियमांनी मंडळाला तीन दिवसांत मत देण्याचे बंधन घातले. कागदावर प्रश्न सुटला. तरीही जानेवारी 2023 मध्ये सुमारे 33 आठवड्यांच्या एका गर्भवतीला मुंबई उच्च न्यायालयात यावेच लागले. गर्भात मायक्रोसेफली होती, मंडळाला विकृती मान्य होती, पण गर्भ फार वाढला आहे म्हणून मंडळाचे मत प्रतिकूल होते. न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांच्या खंडपीठाने निःसंदिग्धपणे सांगितले की विकृती लक्षणीय असल्याचे ठरल्यावर निवडीचा हक्क त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नाही. कायद्याने काढून टाकलेली मर्यादा मंडळाने मनात जिवंत ठेवली होती, हे त्या प्रकरणाचे खरे दुखणे होते.

विरोधातील मुद्दे हलके नाहीत. सर्वांत जड मुद्दा महाराष्ट्राच्या स्वतःच्या पापातून आलेला आहे. गर्भाचे चित्रण सोपे आणि सर्वदूर केले की मुलींचा बळी जाईल, ही भीती कल्पनेतली नाही. 1980 च्या दशकात मुंबईतील स्त्रीसंघटनांनी ज्या जिद्दीने लढा दिला, त्यामुळे 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही 2001 ते 2011 या काळात राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 913 वरून 894 वर आणि बीड जिल्ह्यात 894 वरून 807 वर घसरली. ज्या राज्यात हे घडले, तेथे ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक, प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद असलेला एफ फॉर्म आणि यंत्रांची नोंदणी यांना निव्वळ कारकुनी म्हणून उडवून लावणाऱ्या डॉक्टरांशी मी सहमत नाही. नोंद नीट नसणे हीच गुन्हा लपवण्याची पहिली पायरी असते, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदींबाबतची कठोरता कायम ठेवली ती योग्यच केली.

पण या भीतीतून निघणारा निष्कर्ष तपासून पाहू. गर्भाचे लिंग कळण्यासाठी न्यूरोसोनोग्राफी किंवा एमआरआय लागत नाही. ते साध्या यंत्रावर, मेंदूच्या शंकेची वेळ येण्याच्या कितीतरी आधी दिसते. मुली मारणारा धंदा फिरत्या यंत्रांवर आणि चोरट्या खोल्यांत चालला. पंचविसाव्या आठवड्यात, आधीचा अहवाल हातात घेऊन, नोंदणीकृत मोठ्या रुग्णालयात होणाऱ्या तपासणीचा त्याला काय उपयोग? शिवाय कायद्यानेच जन्मजात व्यंगांचे निदान हा प्रसूतिपूर्व तपासणीचा वैध हेतू मानला आहे, आणि गर्भाचे लिंग दाखवू शकणारे कोणतेही चित्रणयंत्र, मग ते एमआरआय का असेना, कायद्याच्या कक्षेत घेतले आहे. संदर्भ-तपासणी सुलभ करण्यासाठी कायदा सैल करावा लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यातून कोणत्या केंद्राकडे पाठवायचे हे ठरलेले असले, तिथली नोंद ठेवली गेली आणि त्या नोंदी लिंगगुणोत्तराच्या अंगानेही तपासल्या गेल्या, तर दोन्ही उद्दिष्टे एकाच कागदावर साधतात. लिंगनिदानाच्या भीतीने व्यंगनिदान रोखणे म्हणजे गुन्हेगाराऐवजी रुग्णावर पहारा बसवणे आहे.

दुसरा आक्षेप अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांचा आहे आणि तो मला सर्वांत अस्वस्थ करतो. ते विचारतात: ज्या समाजात रॅम्प नाही, विशेष शिक्षक नाही, मतिमंद म्हणून आजही हिणवले जाते, त्या समाजात ‘मुक्त निर्णय’ खरोखर मुक्त असतो का? उद्या सौम्यातला सौम्य दोषही गर्भपाताचे कारण ठरणार नाही याची हमी कोण देणार? याला सोपे उत्तर नाही, आणि जो ते देतो त्याच्यापासून सावध राहावे. पण त्यांच्याच बाजूने विचार केला तरी निष्कर्ष चांगल्या निदानाकडे जातो. भीती सर्वांत जास्त कधी असते? निदान अर्धवट असते तेव्हा. ‘मेंदूत काहीतरी आहे, आताच निर्णय घ्या, नंतर कायदा परवानगी देणार नाही’ असे विसाव्या आठवड्यात ऐकलेली स्त्री, पुढे सर्वसाधारण आयुष्य जगू शकले असते असा गर्भ घाईने नाकारते. चोविसाव्या आठवड्याच्या टांगत्या तलवारीमुळे गर्भपात कमी होतात असे ज्यांना वाटते, त्यांनी या घाईचा विचार केलेला नसतो. गंभीर दोषांसाठी मर्यादा नाही हे डॉक्टर आणि दाम्पत्य दोघांनाही ठाऊक असेल, तर तीन-चार आठवडे थांबून पुन्हा पाहता येते. 12 मिलिमीटरची पोकळी वाढते आहे की आकसते आहे हे काळच सांगतो. वेळ मिळाल्याने गर्भही वाचतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने जे देऊ केले आहे ते प्रत्यक्षात मिळवून देण्याची लढाई मात्र वेगळी आहे आणि ती चित्रणावर बंधने घालून जिंकता येणार नाही.

साधनांचा मुद्दाही पुढे येतो: जिथे गर्भवतीच्या रक्तातील हिमोग्लोबिन वाढवता येत नाही, तिथे एमआरआयची चैन कशाला? यातला अर्धा भाग मी पूर्ण मान्य करतो. 1991 मध्येच ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने दाखवले होते की आधी मज्जानलिकेचा दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक ॲसिड घेतले तर त्या दोषांची पुनरावृत्ती 72 टक्क्यांनी टळते. आपल्याकडे फोलिक ॲसिडची गोळी बहुतेकदा दिवस गेल्याचे कळल्यावर, नाव नोंदवल्यावर सुरू होते, आणि तोवर मज्जानलिका मिटण्याची वेळ उलटून गेलेली असते. आशाताईंनी ही गोळी नवविवाहितेच्या हाती द्यायला हवी. हे काम कोणत्याही यंत्रापेक्षा आधीचे आणि स्वस्त आहे. परंतु फोलिक ॲसिड लिसेनसेफली टाळत नाही, विषाणूंचा संसर्ग टाळत नाही. आणि एमआरआय प्रत्येकीला करा असे कोणीच म्हणत नाही. ती लागते फक्त सोनोग्राफीत संशय आलेल्या थोड्या स्त्रियांना. सोनोग्राफीच्या फिती जिल्ह्याच्या ठिकाणाहून मुंबई-पुण्या-नागपूरच्या तज्ज्ञाला त्याच दिवशी दाखवता येतात. त्यातून निम्मी शंका प्रवासाशिवाय मिटू शकेल. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या स्त्रीने शेकडो किलोमीटर जायचे ते खरोखर गरज असेल तेव्हाच.

येथे आपल्या घरांतील एका रीतीचाही विचार करावा लागतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी आणि प्रेमळ प्रथा. ॲनॉमली स्कॅन सासरच्या गावी होते, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होऊन मुलगी माहेरी येते आणि पुढची सोनोग्राफी दुसऱ्या डॉक्टरकडे, दुसऱ्या यंत्रावर होते. आधीचे अहवाल कधी येतात, चित्रे बहुधा येत नाहीत. डोक्याचा घेर मंदावला आहे की नाही हे ओळखण्यासाठी मापांची मालिका लागते, आणि नेमकी तीच येथे तुटते. उशिरा सापडलेल्या दोषांपैकी काही या तुटलेल्या मालिकेचे बळी असतात. अहवालासोबत चित्रे आणि मापे आईच्या हातात देणे याला कोणता खर्च आहे?

शेवटचा आक्षेप डॉक्टरांच्या सदसद्विवेकाचा. बत्तिसाव्या आठवड्यातील गर्भपातात जगण्याइतक्या वाढलेल्या गर्भाचे हृदय इंजेक्शनने थांबवावे लागते. हे काम करणाऱ्याच्या मनावर काय गुदरते याची कल्पना बाहेरच्याने करू नये. कोणत्याही डॉक्टरवर त्याची सक्ती करू नये हे मला मान्य आहे. पण विवेकाचे ओझे वाटून घेण्याची रीत इतर देशांनी शोधली आहे. ब्रिटनमध्ये 1990 पासून गंभीर अपंगत्वाचा ठोस धोका असल्यास आठवड्यांची मर्यादा नाही, म्हणून तिथे सगळे निर्णय शेवटच्या महिन्यात होऊ लागले असे घडलेले नाही. फ्रान्समध्येही अशा कारणासाठी मर्यादा नाही, पण बहुशाखीय प्रसूतिपूर्व निदान केंद्रातील प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, चित्रणतज्ज्ञ, आनुवंशिकीतज्ज्ञ एकत्र बसतात, दाम्पत्याशी बोलतात आणि मग प्रमाणपत्र देतात. आपल्या मंडळातही स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट असतात. फरक वृत्तीचा आहे. त्या स्त्रीने परवानगी मागावी आणि मंडळाने ती द्यावी किंवा नाकारावी, असे मंडळाच्या खोलीतले वातावरण असते. मेंदूच्या दोषांच्या बाबतीत मंडळात बालमेंदूतज्ज्ञ असायलाच हवा, कारण अशी मुले पाच वर्षांची, दहा वर्षांची झालेली त्याने पाहिलेली असतात. चित्रणतज्ज्ञाला चित्र ठाऊक असते, मूल ठाऊक नसते.

आणि त्या तज्ज्ञाने बोलायचे कसे? ‘मूल नॉर्मल होणार नाही’ किंवा ‘काही काळजी करू नका’ ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत. खरे बोलणे लांब असते: काय दिसले, ते किती खात्रीने दिसले, अशा दहा मुलांपैकी साधारण किती चालतात, बोलतात, शाळेत जातात, कितींना झटके येतात, पुढच्या आठवड्यात काय अधिक कळेल आणि काय कधीच कळणार नाही. हे बोलणे सासूबाईंच्या किंवा नवऱ्याच्या मार्फत पोहोचता कामा नये. तिच्याशी, तिच्या भाषेत, बसून झाले पाहिजे. हे ऐकून काही स्त्रिया गर्भ ठेवतील. त्यांची प्रसूती नवजात शिशूंची आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ठरवावी लागेल, डोक्यातले पाणी वाढत असेल तर ते पाणी वाहून नेणारी नळी, म्हणजे शंट, कधी टाकायचा हे आधीच बोलून ठेवावे लागेल, आणि जगण्याची शक्यता नसलेल्या बाळाच्या थोड्या तासांची, वेदना न होऊ देण्याची तयारीही करावी लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तेथे फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि विकासाची तपासणी होते. त्या केंद्राचा पत्ता आणि तेथील कामाची वेळ आज अशा मुलांच्या आईला मूल वर्षा-दीड वर्षाचे होऊनही बसत नाही हे ध्यानात आल्यावर, कुठून तरी, कोणाकडून तरी कळते. ती माहिती सोनोग्राफीचा अहवाल हातात देताना त्याच कागदावर छापलेली असली पाहिजे.